परवानगी होती, डबा कुठे होता? न्हावा शेवा, जून २०१७

शुल्क भरून झालेलं आहे. कस्टमच्या संगणकावर ‘आउट ऑफ चार्ज’, म्हणजे माल न्यायची परवानगी, मिळालेला आहे. शिपिंग लाइनचा डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे डीओ, एजंटच्या हातात आहे. ट्रेलर करळ फाट्याच्या रांगेतून टर्मिनलच्या दाराशी येऊन उभा आहे. एवढं सगळं जमल्यावर आयातदाराला त्याचा कंटेनर मिळायला हरकत काय असावी? २८ जून २०१७ला न्हावा शेवाच्या एका टर्मिनलवर हरकत एकच होती. हजारो डब्यांच्या थप्प्यांमध्ये नेमका तो डबा कुठे ठेवलाय हे ज्या संगणकाला ठाऊक होतं, तो आदल्या संध्याकाळी एका जागतिक सायबर हल्ल्यात मेला होता.

हे टर्मिनल गेटवे टर्मिनल्स इंडियाचं, बंदरावरच्या बोलीत जीटीआय. उरण तालुक्यातल्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं, म्हणजेच न्हावा शेवातलं, हे तिसरं कंटेनर टर्मिनल २००६मध्ये सुरू झालं. ७१२ मीटरचा धक्का, तेव्हा वर्षाला १८ लाख टीईयूची क्षमता. (टीईयू म्हणजे २० फुटी डबा, ४० फुटी डबा दोन धरायचा.) मालकी डेन्मार्कच्या मर्स्क समूहातल्या एपीएम टर्मिनल्सची आणि आपल्या रेल्वेच्या कॉनकॉरची. २०१६-१७मध्ये या अख्ख्या बंदराने ४५ लाखांच्या आसपास टीईयू हाताळले होते. देशातल्या मोठ्या सरकारी बंदरांतून होणाऱ्या कंटेनर वाहतुकीच्या निम्म्याहून जास्त भार हे एकटं बंदर उचलत होतं, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा जीटीआयचा होता.

व्यवस्थापनाच्या वर्गात ही घटना बहुधा सायबर सुरक्षेची गोष्ट म्हणून सांगितली जाते: पॅच (सॉफ्टवेअरमधली भोकं बुजवणारी दुरुस्ती) वेळेवर टाका, पासवर्ड जपा. तेही खरंच. पण आयात-निर्यातीत पडलेल्या माणसाला या प्रकरणातून वेगळंच काहीतरी दिसतं, म्हणून ते त्या बाजूने मांडतो आहे.

बंदरात दोन प्रश्नांची उत्तरं दोन वेगळी यंत्रं देतात. डबा सोडायचा का, हे कस्टम ठरवतं. डबा कुठे आहे, हे टर्मिनल सांगतं. आपल्याकडे सगळी चर्चा पहिल्या प्रश्नाभोवती फिरते, कारण पैसा आणि मनस्ताप तिथे दिसतो. दुसरा प्रश्न इतका बाळबोध वाटतो की तो कुणी विचारतच नाही.

यार्डात एकदा डोकावलं की तो बाळबोध राहत नाही. प्रत्येक डब्यावर चार अक्षरं आणि सात आकडे असतात. त्यातला शेवटचा आकडा आधीचं सगळं बरोबर लिहिलंय का हे तपासण्यासाठी. डब्याचा यार्डातला पत्ता म्हणजे ब्लॉक, रांग आणि मजला. रबरी चाकांची आरटीजी क्रेन पाच-पाच डबे एकावर एक चढवते. तळातला डबा हवा असेल तर वरचे चार उचलून बाजूला ठेवावे लागतात, आणि ते चार कुठे ठेवले याची पुन्हा नोंद. एका जहाजातून उतरणारे हजार-दीड हजार डबे कुणाचा माल आधी सुटणार हे माहीत नसताना उतरतात. निर्यातीचे डबे जहाज, पुढचं बंदर आणि वजन पाहून वेगळे लावायचे असतात. गोठवलेल्या मांसाच्या डब्याला वीज लागते. ज्वालाग्राही रसायनाच्या डब्याला शेजार निवडून द्यावा लागतो. हा हिशोब टर्मिनलचं सॉफ्टवेअर दर मिनिटाला करतं. मागणीचा अंदाज घेऊन रात्रीतून जागा बदलतं, त्यामुळे कालचा पत्ता आज खरा असेलच असं नाही. क्रेन चालवणारा डबा शोधत नाही. केबिनमधल्या पडद्यावर आलेला पत्ता तो पाळतो.

मुंबई गोदीत हेच काम टॅली क्लार्क वहीत करायचे. त्या काळाबद्दल हळवं होण्यात अर्थ नाही; जहाजं दिवसेंदिवस बाहेर नांगर टाकून ताटकळायची आणि पेट्या गहाळ व्हायच्या. एक गोष्ट मात्र त्या गबाळ्या पद्धतीत आपोआप होती. एकच नोंद जहाजावर, गोदीत, एजंटकडे आणि कस्टमकडे अशी चार ठिकाणी असायची. चारही वह्या एकदम जळायला मोठीच आग लागली असती.

२७ जूनला ती आग लागली, आणि ठिणगी पडली युक्रेनमध्ये, हिशोबाच्या एका सॉफ्टवेअरमध्ये. एम.ई.डॉक नावाचा हा प्रोग्रॅम तिथले व्यापारी कर भरण्यासाठी वापरतात. आपल्याकडच्या टॅलीसारखाच घरोघरी असलेला. तो बनवणाऱ्या कंपनीच्या अपडेट सर्व्हरमध्ये हल्लेखोर आधीच शिरून बसले होते. त्यांनी अपडेटमधून जे सोडलं त्याला पुढे नॉटपेट्या हे नाव पडलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेकडून चोरीला गेलेलं आणि एप्रिल २०१७मध्ये उघड्यावर आलेलं ‘इटर्नल ब्लू’ हे हत्यार त्यात होतं. ज्या विंडोज यंत्रांत मायक्रोसॉफ्टचा मार्चमधला पॅच नव्हता ती त्याने फुटत होती. त्याच्या जोडीला संगणकाच्या स्मृतीतून पासवर्ड उचलणारं दुसरं साधन होतं, म्हणजे एका यंत्रात शिरलं की पॅच टाकलेली शेजारची यंत्रंही सुरक्षित नव्हती. पडद्यावर ३०० डॉलरची बिटकॉइन खंडणी मागितली जात होती, पण ती भरूनही काही परत मिळणार नव्हतं. उद्देश नासधुशीचा होता.

मर्स्कचं ओडेसामध्ये छोटं कार्यालय होतं. तिथल्या एका वित्त अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून एम.ई.डॉक एका, अक्षरशः एकाच, संगणकावर बसवलेलं होतं. तेवढं पुरलं. समूहाच्या ७६ टर्मिनल्सपैकी १७ कोलमडली: रॉटरडॅममधलं जवळजवळ माणसाविना चालणारं मासव्लाक्टे-२, लॉस एंजेलिस, न्यू जर्सीतलं एलिझाबेथ आणि आपलं न्हावा शेवा. जहाजांवरच्या संगणकांना काही झालं नव्हतं. जहाज आपल्या पोटात कुठल्या खणात कुठला डबा आहे याची फाइल नेहमीप्रमाणे पाठवत होतं. किनाऱ्यावर ती वाचणारं यंत्र पुसलं गेलं होतं.

उरणमध्ये मग काय झालं? टर्मिनलने हाताने काम करायचा प्रयत्न केला. बंदर प्रशासनाने साचणाऱ्या मालासाठी आणि गाड्यांसाठी जादा जागा काढली, रस्ते तुंबू नयेत म्हणून वाहतूक पोलिसांना आणि केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाला सांगितलं. नौकानयन मंत्रालयाने दुसऱ्याच दिवशी निवेदन काढलं. पुढच्या काही दिवसांत काम टप्प्याटप्प्याने रुळावर आलं.

‘हाताने काम’ हे म्हणायला सोपं. जहाजातून डबा उतरवता येतो. क्रेनला हात आहेत, माणसाला डोळे आहेत, कागदावर नंबर टिपता येतो. दारातून आलेला निर्यातीचा डबा मोकळ्या जागेत ठेवता येतो. कठीण असतं ते यार्डातून नेमका डबा काढणं, आणि त्याहून कठीण जहाज भरणं. जड डबे खाली, हलके वर, पुढच्या बंदराचे वरच्या अंगाला, धोकादायक माल ठरावीक अंतरावर. यात चूक झाली तर जहाजाच्या तोलाशीच गाठ. जुलै २०१६पासून प्रत्येक निर्यात डब्याचं वजन तपासून कळवणं आंतरराष्ट्रीय नियमाने सक्तीचं झालं होतं, ते याच कारणाने. वजनं कळवलेली होती खरी, पण ज्या यंत्रांना कळवली होती तीच गेली.

आता कस्टमकडे येऊ. भारतीय सीमाशुल्काच्या यंत्रणेला या हल्ल्याने धक्का लागला नव्हता. आइसगेट या कस्टमच्या संकेतस्थळावर बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचं घोषणापत्र, भरता येत होती, शुल्क भरता येत होतं, माल सुटत होता. म्हणजे परवानगी देणारं यंत्र धडधाकट आणि जागा सांगणारं यंत्र आंधळं. वेळही कशी निवडली बघा. त्या वर्षीच्या वित्त कायद्याने ३१ मार्चपासून नियम कडक केले होते. माल आल्याच्या दुसऱ्या दिवसाच्या अखेरीपर्यंत बिल ऑफ एंट्री भरलीच पाहिजे, असा तेव्हाचा नियम. सुट्टी तेवढी वगळायची. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि त्यापुढे रोज १०,००० रुपये. हेतू चांगला होता. माल बंदरात लोळत ठेवायची सवय मोडायची होती. पण वेळेत बिल भरायचं तर शिपिंग लाइनचा मॅनिफेस्ट (जहाजावरच्या मालाची यादी) आणि कागद वेळेत हवेत, आणि त्या आठवड्यात मर्स्कच्या कार्यालयांत ईमेलही उघडत नव्हती. कर्मचारी स्वतःच्या फोनवर, व्हॉट्सअॅपवर बुकिंग घेत होते.

शिवाय तीन दिवसांवर जीएसटी. ३० जूनच्या मध्यरात्रीपर्यंत आयातीवर जुनं अतिरिक्त शुल्क आणि विशेष अतिरिक्त शुल्क, १ जुलैपासून आयजीएसटी, म्हणजे एकात्मिक जीएसटी. मालाला कुठला दर लागेल हे बिल दाखल केल्याची तारीख आणि जहाजाला मिळालेलं ‘एंट्री इनवर्ड’ (माल उतरवायची कस्टमची परवानगी) यांतल्या नंतरच्या तारखेवर ठरतं. जहाजाला इनवर्ड मिळायला चार दिवस उशीर झाला, तर आयातदाराची काही चूक नसताना त्याचा माल एका करव्यवस्थेतून दुसरीत जातो. एरवी असा उशीर म्हणजे डेमरेजचा, माल वेळेत न उचलल्याच्या जादा भाड्याचा, हिशोब. त्या आठवड्यात त्याला कराचाही पदर होता.

दंडाच्या बाबतीत मात्र कायद्याने एक फट ठेवली होती. उशिराचं कारण पटलं तर अधिकारी ते उशिराचं शुल्क माफ करू शकतो. सीमाशुल्क कायद्याच्या कलम ४६मध्येही तरतूद आहे की संगणकावर बिल भरणं शक्य नसेल तेव्हा आयुक्त अन्य मार्गाने, म्हणजे कागदावर, भरायची मुभा देऊ शकतात. सरकारी कायद्यातली अशी वाक्यं वाचताना आपण हसतो. इतकं सगळं ऑनलाइन केलं आणि मागच्या दाराने कागद ठेवलाच. या प्रकरणानंतर मला ती वाक्यं फार शहाणी वाटतात. कस्टमने बंद यंत्राची कल्पना आधीच करून ठेवली होती. टर्मिनलला मात्र ती कल्पना रात्रीत करावी लागली.

मर्स्क कंपनी सावरली कशी, हे या प्रकरणातलं सर्वांत विलक्षण पान. समूहाच्या जाळ्यात दीडशेच्या आसपास डोमेन कंट्रोलर होते. कोण वापरकर्ता, त्याला कुठे प्रवेश, याची यादी सांभाळणारे हे सर्व्हर. ते सतत एकमेकांशी जुळवून घेत, म्हणजे प्रत्येक जण बाकीच्यांची प्रत. एक पडला तर दुसरा आहे, या हिशोबाने वेगळी प्रत कुणी ठेवलीच नव्हती. सगळे एकाच वेळी पडतील हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. शोधाशोध करता करता एक वाचलेला सापडला, घानामध्ये. हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती, म्हणून ते यंत्र जाळ्यापासून तुटलेलं होतं. भारनियमनाला महाराष्ट्राने आजवर काय काय शिव्या घातल्या असतील. इथे एका जागतिक कंपनीची अब्रू गेलेल्या विजेने राखली. पुढचा भाग आणखी गमतीचा. घानातून इंटरनेटवरून माहिती पाठवायला वेग पुरेना, आणि तिथल्या कर्मचाऱ्याकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी तो विमानाने नायजेरियाला गेला, तिथल्या विमानतळावर हार्ड डिस्क दुसऱ्याच्या हाती दिली, आणि त्याने ती इंग्लंडमधल्या मेडनहेडला, जिथून मर्स्कचं जाळं पुन्हा उभारलं जात होतं तिथे, पोचवली. जगातली सर्वांत मोठी कंटेनर कंपनी त्या घडीला हातोहात पोचवलेल्या एका पार्सलावर उभी होती.

त्यानंतर १० दिवसांत ४,००० सर्व्हर, ४५,००० संगणक आणि २,५०० प्रणाली पुन्हा उभारल्या, असं मर्स्कचे अध्यक्ष जिम हेगमान स्नाबे यांनी जानेवारी २०१८मध्ये दावोसला सांगितलं. कंपनीने नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर धरलं. हा मर्स्कचा आकडा आहे. ट्रेलरचे खोळंबलेले दिवस, हुकलेली जहाजं, एजंटांनी जादा भाड्यापोटी खिशातून भरलेले पैसे त्यात नाहीत, आणि ते कुणी एकत्र मोजल्याचं माझ्या पाहण्यात नाही. अमेरिकेने आणि ब्रिटनने फेब्रुवारी २०१८मध्ये हल्ल्याचं बोट रशियन लष्कराकडे दाखवलं. त्याने विम्याचा नवाच गुंता झाला: शत्रुराष्ट्राने केलं असेल तर ते युद्ध, आणि युद्धाचं नुकसान विम्यात बसत नाही. याच हल्ल्यात सापडलेल्या मर्क या औषध कंपनीला यासाठी न्यू जर्सीत खटला लढावा लागला आणि जानेवारी २०२२मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. आपल्या आयात-निर्यातदारांनी स्वतःच्या पॉलिसीतलं युद्धाचं कलम एकदा वाचावं, एवढं इथे पुरे.

न्हावा शेवाच्या चौकटीत मला जास्त बोचतो तो मुद्दा वेगळा आहे. त्याच सुमारास ‘डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरी’चा, म्हणजे डीपीडीचा, जोर होता. पूर्वी आयातीचा डबा टर्मिनलमधून आधी जवळच्या सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात, जायचा, तिथे कस्टम व्हायचं, मग कारखान्यात. बंदराभोवती अशी तीसएक सीएफएस आहेत. डीपीडीमध्ये हा मधला थांबा वगळून डबा धक्क्यावरून थेट आयातदाराकडे. पैसे वाचतात, दिवस वाचतात. विरोध करण्यासारखं त्यात काही नाही. पण २७ जूनपूर्वी सीएफएसमध्ये पोचलेले डबे त्या गोंधळातून सुटले, कारण त्यांचा पत्ता आता दुसऱ्याच कुणाच्या संगणकात होता. ज्याला आपण फुकटचा मधला दलाल म्हणत होतो, तो नकळत नोंदीची दुसरी प्रत ठेवत होता. डबे-मागोव्यासाठी याच बंदरात २०१६पासून प्रत्येक कंटेनरला आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी ओळख पटवणारी पट्टी) लावायला सुरुवात झाली होती. पण तो टॅग डबा दारातून कधी गेला ते सांगतो. तो कुठल्या थप्पीत तिसऱ्या मजल्यावर आहे, हे त्याच्या कक्षेबाहेरचं.

आणि हे दुखणं यायला विषाणूच लागतो असंही नाही. जीएसटी लागू झाल्यावर काही महिन्यांतच निर्यातदारांनी ते अनुभवलं. जीएसटीच्या नियम ९६नुसार शिपिंग बिल, म्हणजे निर्यात मालाचं कस्टमकडचं घोषणापत्र, हाच आयजीएसटी परताव्याचा अर्ज. वेगळं काही भरायचं नाही. ऐकायला झकास. प्रत्यक्षात जीएसटी पोर्टलवरची माहिती कस्टमच्या यंत्रणेकडे जायची, तिथे शिपिंग बिलाशी जुळायची, आणि शिपिंग लाइनने भरलेल्या निर्यात मॅनिफेस्टशीही जुळायची. जीएसटीत बीजक क्रमांक ‘०४५/१७-१८’ आणि शिपिंग बिलात नुसता ‘४५’ पडला की यंत्र ‘एसबी००५’ एवढा संकेत दाखवून गप्प. माल परदेशात पोचला, पैसे आले, परतावा अडकला. तोडगा काय निघाला? फेब्रुवारी २०१८मध्ये कस्टम अधिकाऱ्याला दोन्ही क्रमांक शेजारी शेजारी ठेवून, डोळ्यांनी पाहून दुरुस्तीची मुभा दिली गेली, आणि मार्चमध्ये १५ ते २९ तारखेपर्यंत खास ‘परतावा पंधरवडा’ भरवावा लागला. दोन यंत्रांत जुळेना तेव्हा निवाडा करायला पुन्हा माणूसच लागला.

नॉटपेट्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी, १३ जुलै २०१७ला, संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने हस्तांतरणीय इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजांचा नमुना कायदा स्वीकारला. बिल ऑफ लेडिंगसारखा कागद, जो ज्याच्या हातात त्याचा माल, तो संगणकात कसा आणायचा याची ती चौकट आहे. ‘हातात असणं’ याऐवजी ‘एकट्याचा ताबा असणं’ ही कल्पना तिने आणली. मर्स्कने स्वतः जानेवारी २०१८मध्ये आयबीएमसोबत ब्लॉकचेनवर आधारलेल्या सामायिक मंचाची घोषणा केली, तोच पुढे ट्रेडलेन्स म्हणून ओळखला गेला. एकच नोंद अनेकांकडे, हाच त्याचा गाभा. टॅली क्लार्कच्या चार वह्याच म्हणा ना, नव्या अवतारात. नोव्हेंबर २०२२मध्ये तो बंद करत असल्याचं जाहीर झालं. सगळा उद्योग एका मंचावर यायला तयार नव्हता. प्रतिस्पर्ध्याच्या वहीत आपली नोंद कोण लिहून देईल?

फेब्रुवारी २०२२मध्ये न्हावा शेवाला हा प्रकार पुन्हा पाहावा लागला. या वेळी बंदराच्या स्वतःच्या मालकीच्या कंटेनर टर्मिनलची यंत्रणा खंडणीखोर सॉफ्टवेअरने बंद पाडली. शेजारच्या टर्मिनल्सची यंत्रं वेगळी होती, ती चालू राहिली, आणि जहाजं त्यांच्याकडे वळवता आली. त्याच वर्षी ते टर्मिनलही खासगी कंपन्यांच्या हाती द्यायचा करार झाला. बंदर प्राधिकरण आता जमीनमालक, टर्मिनलं सगळी भाडेकरूंची. परवानगीची नोंद अजून सरकारकडे आहे. डबा कुठे आहे याची नोंद न्हावा शेवाला आता कुठल्याच सरकारी संगणकात सापडणार नाही. भाडेकरूचं यंत्र आंधळं झालं तर त्याची प्रत कुणाकडे असावी, हे भाडेकराराच्या कुठल्या कलमात लिहायचं तेवढं ठरायचं आहे.